अक्काच्या पायाला अग्नी

लंडनहून परत आल्यापासून सेलूत मला कोर्टापेक्षा पानाच्या दुकानावर जास्त प्रश्न विचारले जातात. राणीचा वाडा बघितला का? मडमा खरंच उघड्या पायांनी हिंडतात का? चहा कसा असतो? मी सांगतो, वाडा बाहेरून बघितला. मडमांच्या पायांकडे बघायला फुरसत नव्हती, कारण आम्ही आमच्याच एका पायाच्या मागं लागलो होतो. आणि चहाला तिथं चहा म्हणतात, एवढंच. यानं कुणाचं समाधान होत नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं आणि मला सुखानं पान खाऊ द्यावं.

पाय माझ्या थोरल्या बहिणीचा. अक्का बोरीला दिलेली. दाजींची काळी जमीन, मेंढरांचा कळप, दोन विहिरी आणि या सगळ्यावर अक्काचं राज्य. आमचा जिल्हा निजामाकडून सुटला, मग हैदराबाद मोडून मुंबई राज्यात गेला, तहसीलदार बदलले, कोर्टातली उर्दू गेली. मी वकिली शिकलो उर्दूत आणि आता करतो मराठीत. बोरीतलं राज्य मात्र एक दिवस हललं नाही. दाजी गरीब माणूस. तोंड उघडायच्या आधी अक्काकडे बघून घेतात.

तर जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या साली अक्काच्या उजव्या गुडघ्याच्या वर गाठ आली. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. बिब्बा घालून झाला. देवगाव फाट्याजवळ मेंढरांची मोडलेली हाडं बांधणारा एक धनगर होता, त्यानं पाला बांधला. कुणीतरी तापल्या सळईचे चार डाग दिले. डाग घेताना अक्कानं ज्या शिव्या दिल्या त्या ऐकायला निम्मी बोरी जमली होती. गाठीला काही फरक पडला नाही. शेवटी परभणी केली, परभणीनं मुंबईला पाठवलं.

मुंबईच्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला, मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, हाडाचा कॅन्सर असावा. घशाचा ऐकला होता, पोटाचा ऐकला होता. हाडालाही होतो हे मला त्या व्हरांड्यात कळलं. पुढं म्हणाला, मांडीतून पाय कापणं मला इथंही येतं. पण लंडनला माझे गुरू आहेत, त्यांच्याकडे जबर किरणांचं यंत्र आहे. गाठ किरणांना दबली तर पाय वाचेल. नाही दबली तर कापावाच लागेल, आणि उशीर केला तर पायाचाही प्रश्न राहणार नाही.

दाजींनी हे सगळं ऐकलं. त्या साली कापूस चांगला गेला होता, त्यांनी हात आखडला नाही. फक्त मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "वकील, पाय ऱ्हात असंल तर न्या तिला कुठंबी. पर रोगाचं नाव सांगू नका. नाव कळलं की माणूस खचतंय." अक्काकडे न बघता दाजी एवढं सलग बोलले, ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. रोगाचं नाव मग आम्ही 'हाडाची सूज' ठेवलं.

विमानात

बोटीनं दिवस घालवू नका असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून विमान. अक्कानं भाकरी, ठेचा, लोणचं आणि कपाळाला लावायचा कुंकवाचा करंडा एवढं मांडीवर घेतलं आणि ते लंडनपर्यंत खाली ठेवलं नाही. विमानातली पोरगी तिच्या कमरेला पट्टा बांधायला आली तर म्हणाली, "बांधायला काय मी बैल हाय का पळून जायला?" ढगात शिरल्यावर डोळे गच्च मिटून बसली. मला वाटलं देवाचं नाव घेत असेल. विचारलं तर म्हणाली, "वळू दोरीला नीट बांधला का न्हाई तुझ्या दाजींनी, ते आठवायलेय."

मधल्या एका विमानतळावर मी तिला जिन्यावरून पाठुंगळी घेऊन उतरलो. लोक बाजूला झाले. अक्का वरून सगळ्यांना नमस्कार करत होती. पालखीतला देवही एवढा रुबाब करत नसेल.

लंडन

परभणीच्या दवाखान्यात एका खाटेवर रोगी असतो आणि खाटेखाली, भोवती, व्हरांड्यात त्याचं गाव असतं. कुणी चुलीवर भात टाकलेला असतो, कुणी शेजारच्या रोग्याचं ऑपरेशन कसं बिघडलं ते रंगवून सांगत असतं. लंडनच्या दवाखान्यात वीस-बावीस बायकांचा वॉर्ड आणि आवाज एकीचा नाही. भेटायला दुपारी थोडा वेळ, तेवढ्यात नवरा येतो, टोपी हातात घेऊन बसतो, हवेबद्दल दोन वाक्यं बोलतो आणि जातो.

"दत्त्या, ह्यांच्यात कुणी रडत कसं न्हाई रं?" अक्कानं विचारलं.

"यांच्यात रडायची रीत नाही."

"मंग आजार बाहीर कुठून पडतो?"



शेजारच्या खाटेवर डोरोथी नावाची म्हातारी होती. तिच्या दंडाच्या हाडात तेच दुखणं. अक्कानं तिची दुर्पदाबाई करून टाकली. दोघींना एकमेकींच्या भाषेचं अक्षर येत नव्हतं, तरी दुसऱ्या दिवसापासून गप्पा सुरू. दुर्पदाबाई आपल्या जावयाबद्दल तक्रार करायची आणि अक्का आपल्या जावांबद्दल, आणि दोघी अगदी योग्य जागी मान हलवायच्या. सकाळी ओटाची पातळ कांजी यायची. अक्कानं ती चाखली आणि म्हणाली, "वासराला कालवत्यात तसलं हाय, पर वासराला मीठ तर टाकत्यात." मग त्यात ठेचा घातला. दुर्पदाबाईलाही बोटभर दिला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, सिस्टर धावत आली, पण दुसऱ्या दिवशी म्हातारीनं पुन्हा वाटी पुढं केली.

मोठा डॉक्टर उंच, पांढऱ्या भुवयांचा. गुडघ्याभोवतीचे चार डाग बघून त्यानं मला विचारलं, हे शोभेसाठी केलं का? मी म्हणालो, घरगुती उपचार. तो म्हणाला, धाडसी घर आहे. मग सुईनं नाही, चांगली चीर देऊन त्यांनी गाठीचा तुकडा काढला, तो दुसऱ्या डॉक्टरांनी यंत्राखाली बघितला, छातीचे फोटो काढले, आणि दोन दिवसांनी मोठा डॉक्टर अक्काच्या खाटेशी बसला. उभ्यानं बोलणारा डॉक्टर खाली बसला की समजावं काहीतरी आहे.

तो सावकाश, पुष्कळ बोलला. गाठ कॅन्सरचीच आहे. हाडातल्या कूर्चेतून वाढणारी ही जात; तिला किरणांचं काही वाटत नाही. छाती अजून साफ आहे. आज-उद्यात मांडीतून पाय काढला तर वाचायची चांगली आशा आहे. थांबलात तर मी हात टेकतो.

मी अक्काला सांगितलं, "सूज जरा जास्त आहे म्हणतो."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी कोर्टात मुन्सफांना तोंड दिलंय, पण त्या नजरेपुढं माझी वकिली चालली नाही.

"त्यो पाव घंटा बोलायलाय आन तू येवढंच सांगायलास? इंग्रजी काय इतकी पाण्यासारखी भाषा हाय का, की आटवली की येवढीच उरती?" मग शांतपणे म्हणाली, "दत्त्या, तुझे दाजी मला इमानात बसवताना रडले. सुजेला कुणी रडत न्हाई. बोल. त्यानं बोललं तसं बोल."

मी बोललो. वाक्याला वाक्य. 'कॅन्सर' हा शब्द म्हणताना मी अडखळलो, तर तीच म्हणाली, "पाणी पी." आणि सगळं ऐकून झाल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला आणि जी गोष्ट विचारली ती मोठ्या डॉक्टरला त्याच्या सगळ्या आयुष्यात कुणी विचारली नसेल.

"पाय कापल्यावर पायाचं काय करता?"

डॉक्टर म्हणाला, ते दवाखाना बघून घेतो.

"बगून घेतो म्हंजी?"

त्यानं जरा घोटाळून सांगितलं, दवाखान्यातलं असलं सगळं एकत्र जाळतात.

झालं. अक्का भिंतीकडे तोंड करून झोपली. "कचऱ्यासंगं माझा पाय जाळनार? सवाशिणीचा पाय? न्हाई कापायचा. मी हाय तशी घरी जाते, अख्खी मरते, तुझे दाजी अख्खीला अग्नी देतील."

मी समजावलं, ओरडलो, पाया पडलो, त्याच पायावर पडलो. छे! जगात सगळ्यात हट्टी प्राणी कोणता असं कुणी विचारलं तर मी बोरीचा पत्ता देईन. गाठ वाढत होती आणि बाई अंत्यविधीचा वाद घालत होती. त्या दिवशी मी तिच्यावर इतका चिडलो होतो की रस्त्यावर येऊन एका दिव्याच्या खांबाला मराठवाडी शिव्या दिल्या.

दवाखान्यात मिस बेकर नावाच्या एक बाई होत्या. रोग्यांच्या घरच्या, मनाच्या अडचणी सोडवणं हेच त्यांचं काम. आपल्याकडे हे काम शेजारी फुकट करतात, तिथं त्याला वेगळी खोली होती. मी त्यांना सांगितलं, माझ्या बहिणीला तिच्या पायाचा अंत्यसंस्कार हवा आहे. बाईंच्या तोंडावरची रेष हलली नाही. त्यांनी विचारलं, "तिच्या अटी काय आहेत?" जणू रोज दोन-चार पायांचं असलं काहीतरी त्या करतच असाव्यात.

अटी मी अक्काकडून घेऊन आलो. पाय एकटा जळायला हवा, कचऱ्यात नाही. अग्नी घरच्या माणसानं द्यायचा. नवरा नाही तर भाऊ चालेल. राख मिळायला हवी, ती गंगेत जाईल. गंगा म्हणजे आमची गोदावरी. आणि उजव्या पायातलं जोडवं काढलं की त्याच क्षणी डाव्या पायाच्या बोटात चढायला हवं, दाजींच्या जिवाला मधे उघडं ठेवायचं नाही.

मिस बेकरबाई गेल्या, कुणाकुणाशी बोलल्या, आणि संध्याकाळच्या आत मोठा डॉक्टर स्वतः आला. म्हणाला, तुमच्या बहिणीला सांगा, सगळं मान्य आहे, फक्त पाय आधी आम्हाला हवा आणि नंतर तिला. अक्का उठून बसली. संमतीच्या कागदावर अंगठा मागायच्या आधीच तिनं तो पुढं केला.

जोडवं सिस्टरनं हलवलं. डाव्या पायाच्या एकाच बोटात दोन जोडवी. अक्का म्हणाली, "आता हितून नवऱ्याला डबल आयुष्य."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पांघरूण उचलून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.  मग तिनं पांघरूण सोडलं आणि विचारलं, "दिला का अग्नी?"

इथं घोटाळा झाला. पाय अजून तपासायचा होता. हाड चिरून गाठ कुठवर गेली होती ते बघायचं होतं, त्याला वेळ लागणार होता. मी तिला खरं सांगितलं, कारण आता खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. अक्कानं पुढं आलेली कांजी बाजूला सारली.

"अक्का, खा."

"मढं घरात असताना कुणी जेवतं का?"

"अगं, मढं कसलं? पाय आहे!"

"माझाच हाय ना? मंग घरातलाच."

सकाळ गेली, दुपार गेली. सिस्टर रागावली, दुर्पदाबाईनं आपली जेलीची वाटी पुढं केली, अक्का फक्त पाण्याचा घोट घेई. एवढं रक्त गेलेली बाई, तिला उपास! मी डॉक्टरच्या खोलीत जाऊन सांगितलं की आमच्याकडे प्रेत उठल्याशिवाय चूल पेटत नाही, आणि आमच्या प्रेताचा एक भाग तुमच्या टेबलावर आहे. डॉक्टरनं कपाळाला हात लावला. हा हावभाव दोन्ही देशांत सारखाच निघाला. मग त्यानं खालच्या मजल्यावर फोन केला आणि असा काही आवाज चढवला की इंग्रजही रागावू शकतात हे मला प्रथमच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय मोकळा झाला.

दवाखान्याच्या तळघरात भट्टी होती. मी कोटाच्या आत धोतर नेसून गेलो होतो, लंडनच्या थंडीत, पोटऱ्या काकडत. भट्टीवाला कोळशानं काळा झालेला दांडगा माणूस, त्याला मिस बेकरबाईंनी सांगून ठेवलं होतं. त्यानं भट्टी आधी साफ केली होती. एका पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ओझं माझ्या हातात दिलं.

एवढं जड असेल असं मला वाटलं नव्हतं. आई माझ्या वेळी बाळंतपणातून उठलीच नाही. मला अक्कानं न्हाऊमाखू घातलं, बारा-तेरा वर्षांची पोर, पाय लांब करून बसायची आणि मला त्या पायांवर पालथं टाकून चोळायची. त्यातला एक पाय माझ्या हातात होता. मी तिथं भट्टीपुढं उभा राहून ओक्साबोक्शी रडलो, लंडनच्या रीतीची पर्वा न करता.

मग मंत्र म्हणायचा प्रश्न आला. माझं शिक्षण सगळं उर्दूत. संस्कृत म्हणून जे काही कानावर पडलं ते लग्नाच्या मांडवात. तोंडात 'शुभ मंगल' आलं, ते गिळलं. शेवटी सरळ मराठीत म्हणालो, "देवा, हा चांगला पाय होता. लय चालला. बाकीचं माणूस आम्हाला ठेव." भट्टीवाल्यानं टोपी काढली आणि मान खाली घालून आमेन म्हणाला. मी पाय आत ठेवला. दार त्यानं लावलं.

तिथून तडक मी माझ्या भाड्याच्या खोलीवर गेलो आणि घरमालकिणीकडे आंघोळीचं गरम पाणी मागितलं. तिच्याकडे आंघोळीचा वार शुक्रवार, तो दिवस मंगळवार. ती म्हणाली, आज कसं काय? मी म्हणालो, घरात वारलं आहे. तिनं बिचारीनं हात छातीशी नेला, कोण? मी म्हणालो, बहिणीचा पाय. तिनं पाणी तर दिलं, पण त्यानंतर मी असेपर्यंत आपल्या खोलीचं दार आतून लावून घेत होती.

ओल्या केसांनी दवाखान्यात गेलो. अक्कानं केस बघितले. वाटी जवळ ओढली, ठेचा मागितला आणि खाल्लं. पाठोपाठ दुसरी वाटी मागितली. मी त्या दिवशी तिच्याइतकं जगात कुणावर प्रेम करत नव्हतो.

निघताना मोठ्या डॉक्टरनं पुन्हा खाली बसून सांगितलं आणि मी पुन्हा वाक्याला वाक्य भाषांतर केलं. गाठीच्या वरचं हाड साफ निघालं. पण हा रोग कधी कधी पुढं छातीत उगवतो. दर काही महिन्यांनी मुंबईला फोटो काढा. मी वचन देऊ शकत नाही.

"म्हंजी त्यालाबी म्हाईत न्हाई," अक्का म्हणाली. "बरं झालं, खरं बोलला."

दुर्पदाबाईनं तिच्यासाठी लोकरीचा मोजा विणला होता. एकच. हसून म्हणाली, दुसरा विणायचा त्रास वाचला. हे मी भाषांतर करायच्या आधीच अक्का हसायला लागली होती. मग दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. सगळा वॉर्ड बघत होता. एक सिस्टरही नाक पुसत बाहेर गेली.

मुंबई आणि गंगाखेड

मुंबईत उतरल्यावर जकातवाल्यानं बिस्किटाचा डबा उघडायला सांगितलं.

"काय आहे यात?"

"माझा पाय," अक्का म्हणाली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, खरं आहे. त्यानं अक्काकडे, मग तिच्या लुगड्याच्या रिकाम्या बाजूकडे बघितलं.

"जाताना दोनी घिऊन गेले व्हते," अक्का म्हणाली. "नवीन काई आनलं न्हाई."

त्यानं डब्याला झाकण लावून दोन्ही हातांनी परत दिला.

दाजी सेलूच्या स्टेशनवर होते, निम्म्या बोरीसकट. पायाचं सुतक धरायचं का नाही यावर गाडी यायच्या आधीच वाद पेटला होता. एक गट म्हणत होता, दहा दिवस. दुसरा म्हणत होता, माणसाचा चौथाई भाग, म्हणजे अडीच. दाजी कुणाचं ऐकत नव्हते. गाडीच्या डब्यातून अक्का कुबड्यांवर खाली उतरताना ते पुढं झाले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी तिला उचललं. "आवो, सोडा, लोकं बगायलेत," अक्का म्हणाली. दाजींनी सोडलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं गंगाखेडला गेलो. घाटावरच्या भटजींनी पाट मांडला, दर्भ काढले आणि विचारलं, "मयताचं नाव?"

"मीच हाय," अक्का म्हणाली.

भटजींनी दर्भ खाली ठेवले. म्हणाले, बाई, जित्या माणसाच्या अस्थींचा विधी मला येत नाही.

"मंग बसा गप. मलाबी येत न्हाई, पर मी करते."

एका बाजूनं दाजींनी धरली, दुसऱ्या बाजूनं मी, आणि अक्का एका पायावर पाण्यात उतरली. मुंबईत, विमानात, वॉर्डात, ऑपरेशनच्या दिवशी जी बाई स्वतःसाठी एकदा रडली नव्हती ती डबा उघडताना रडायला लागली, मोठ्यानं, आपल्याकडे रडतात तशी, घाटभर ऐकू जाईल अशी. "मला भ्याव वाटायलंय," ती म्हणाली. "दत्त्या, आवो, मला मरायचं लय भ्याव वाटायलंय." दाजींनी धरलेला हात घट्ट केला. 

मग तिनं डबा उपडा केला. राख पाण्यावर पसरली, जरा फिरली, आणि धारेला लागली. अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि जाणाऱ्या राखेला हाक मारली:

"जा माय. पुढं हो, जागा धर. पर माझी वाट बगत बसू नको. मला लय उशीर हाय."